म्हापशातील एका वकील कार्यालयाची सेवा: नादार ठरलेल्या माणसाचे दावे आणि मुदत उलटून गेलेले अपील

माझे थोरले बंधू गोव्यातील डिचोली तालुक्यात खनिज वाहतुकीचा धंदा करीत असत आणि त्यांच्या नावावर दोन टिपर होते. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, 2014 मध्ये ती उठली, आणि हप्ते कसेबसे मार्गी लागत असतानाच 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून टिपर पुन्हा अंगणात उभे राहिले. पुढची पाच वर्षे त्यांनी घरचे सोने, काजूची बाग आणि नातेवाइकांचा विश्वास वापरून कर्ज फेडण्याचा प्रयत्न केला. अखेर जानेवारी 2023 मध्ये एका वित्तकंपनीने त्यांच्याविरुद्ध नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे जाहीर करण्याचा, अर्ज केला आणि 14 सप्टेंबर 2023 रोजी जिल्हा न्यायालयाने त्यांना नादार ठरवले.

त्या दिवसापासून घरी, गावात आणि न्यायालयाच्या आवारातही आम्हाला एकच गोष्ट ऐकवली जात होती की नादार माणसाला स्वतःच्या नावाने दावा चालवता येत नाही आणि अपीलही करता येत नाही. आमच्या आधीच्या वकिलांनीही तेच सांगितले. ते पूर्णपणे खरे नाही, हे आम्हाला म्हापशातील एका छोट्या वकील कार्यालयात कळले आणि त्या कार्यालयाच्या सेवेविषयी मी येथे लिहीत आहे. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36 वा नियम आहे, त्यामुळे कार्यालयाचे नाव द्यायचे नाही असे मी ठरवले आहे. शिवाय माझ्या काही तक्रारीही आहेत. ज्या घरात जप्तीची नोटीस आली आहे, त्या घरातील माणसाने वकील निवडताना काय पाहावे, एवढे या लिखाणातून कळले तरी ते पुरेसे आहे.

कार्यालय बाजारपेठेला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथे एक ज्येष्ठ वकीलबाई, एक तरुण सहायक आणि एक कारकून काम करतात. 3 जुलै 2024 रोजी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत सगळे कागद एकत्र कोंबलेले होते. बाईंनी प्रकरणाची हकीकत ऐकण्याआधी प्रत्येक कागदावरची तारीख पाहिली आणि टेबलावर तीन ढीग केले. पहिल्या ढिगात नादारीच्या हुकमाविरुद्धचे अपील, दुसऱ्यात दादांच्या अपघाताचा भरपाईचा दावा आणि तिसऱ्यात एका कंत्राटदाराकडून येणे असलेल्या वाहतूक भाड्याचा दावा. नंतर त्या म्हणाल्या, “यातले दोन ढीग दादांचे स्वतःचे आहेत आणि एक रिसीव्हरचा, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाचा. सगळे रिसीव्हरचे असे कोणी सांगितले असेल तर ते चूक आहे, आणि सगळे दादांचे असे मी सांगितले तर तेही चूक होईल.” सल्ल्याचे 1,500 रुपये मी त्या एका वाक्यासाठीही दिले असते, कारण त्याआधीच्या दहा महिन्यांत आम्हाला कोणीही ही विभागणी करून दाखवली नव्हती.

या विभागणीमागचा कायदा बाईंनी आम्हाला पुस्तक उघडून दाखवला. गोव्यातल्या साध्या, वैयक्तिक नादारीला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला आहे, बाकीच्यांसाठी तो अजून सुरू झालेला नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा, 500 रुपयांच्या कर्जावरही धनकोला अर्ज करू देणारा कायदाच दादांच्या वाट्याला आला. त्याच्या 28 व्या कलमानुसार नादारीचा हुकूम होताच माणसाची सारी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि ती धनकोंमध्ये वाटण्यासाठी असते. येणे असलेले पैसे हीसुद्धा मालमत्ताच आहे, त्यामुळे ते वसूल करण्याचा दावा रिसीव्हरने न्यायालयाच्या परवानगीने चालवायचा असतो. पण त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात असे म्हटले आहे की दिवाणी प्रक्रिया संहितेने जी मालमत्ता जप्तीतून वगळली आहे ती यात येत नाही. त्या संहितेच्या 60 व्या कलमातील वगळलेल्या गोष्टींची यादी वाचताना अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांच्या पाठोपाठ एक ओळ येते: नुकसानभरपाईसाठी दावा करण्याचा नुसता हक्क. शरीराला झालेली इजा, बदनामी, मारहाण यांबद्दल दाद मागण्याचा हक्क माणसापासून काढून धनकोंना वाटता येत नाही, हे तत्त्व त्या एका ओळीत आहे. भांड्यांच्या आणि हत्यारांच्या यादीत हा हक्क नमूद करणाऱ्यांनी माणसाजवळ शेवटी काय उरले पाहिजे याचा नीट विचार केला होता, असे मला ती ओळ वाचताना वाटले.

दादांचा अपघात जुलै 2023 मध्ये अस्नोड्याजवळ झाला. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक असलेल्या, पर्यटकाने भाड्याने घेतलेल्या गाडीने त्यांच्या स्कूटरला धडक दिली. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ते पाच आठवडे होते आणि त्याच काळात नादारीच्या अर्जाच्या दोन तारखा पडल्या, ज्यांना ते हजर राहू शकले नाहीत. भरपाईचा दावा दुसऱ्या एका वकिलांनी डिसेंबर 2023 मध्ये दाखल केला होता आणि ते बरे झाले, कारण 1 एप्रिल 2022 पासून अपघात दाव्याला पुन्हा सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली आहे. विमा कंपनीने मात्र हरकत घेतली की दावेदार नादार असल्यामुळे त्याचा दावा चालूच शकत नाही. बाईंनी या हरकतीला वर सांगितलेल्या दोन कलमांच्या आधारे दीड पानाचे उत्तर दिले आणि न्यायाधिकरणाने हरकत फेटाळली. त्याच दिवशी त्यांनी आम्हाला हेही स्पष्टपणे सांगितले की दावा चालवण्याचा हक्क दादांचा असला तरी हातात येणाऱ्या प्रत्येक रुपयाबद्दल आज खात्री देता येत नाही. वेदनेबद्दलची भरपाई आणि बुडालेल्या कमाईबद्दलची भरपाई यांचा विचार वेगवेगळा होऊ शकतो, आणि ऋणमुक्तीचा हुकूम होण्याआधी नादार माणसाकडे जी मालमत्ता येते तिच्यावर रिसीव्हरचा हक्क पोहोचू शकतो. आनंदाच्या दिवशी अशी गोष्ट सांगायला धैर्य लागते. पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटू नये म्हणून वकिलाने ती त्याच दिवशी सांगितली पाहिजे असे माझे मत आहे.

आता अपिलाविषयी, कारण आमचा सर्वांत मोठा प्रश्न तोच होता आणि कार्यालयाची खरी कसोटीही तेथेच लागली. 1920 च्या कायद्याचे 75 वे कलम कोणाला अपील करता येते ते सांगते आणि त्यात पहिलाच शब्द “ऋणको” हा आहे. त्याच्यानंतर धनको, रिसीव्हर आणि बाधित झालेली इतर कोणतीही व्यक्ती यांचा उल्लेख येतो. ज्या हुकमाने माणूस नादार ठरला त्या हुकमाविरुद्ध त्याला स्वतःला बोलता आले नाही तर दुसरे कोण बोलणार? बाईंनी असेही सांगितले की आधीच्या वकिलांचा गैरसमज कदाचित इंग्लंडमधल्या कायद्यावरून झाला असावा. तेथे 1993 मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की दिवाळखोराविरुद्ध झालेल्या पैशाच्या हुकूमनाम्यावर त्याने स्वतः अपील करायचे नाही, ते त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्ताचे काम आहे. पण दिवाळखोरीच्याच हुकमाला आव्हान देण्याचा हक्क तेथेही त्याचा स्वतःचाच राहतो.

जिल्हा न्यायालयाने दिलेल्या अशा हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 90 दिवसांची आहे. आमच्या बाबतीत ती कधीच उलटून गेली होती आणि किती उलटली होती हेही आम्हाला ठाऊक नव्हते. सहायक वकिलांनी कॅलेंडर समोर ठेवून मोजणी केली. 14 सप्टेंबर 2023 पासूनचे 90 दिवस 13 डिसेंबरला संपतात. हुकमाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले 11 दिवस मुदत कायद्याच्या 12 व्या कलमाने वजा होतात, म्हणजे शेवटचा दिवस 24 डिसेंबर. अपील 9 ऑगस्ट 2024 रोजी दाखल झाले, तेव्हा उशीर 229 दिवसांचा ठरला. कच्च्या टिपणात आधी 240 लिहिले गेले होते. अकरा दिवसांनी काय बिघडते असे मला तेव्हा वाटले होते, पण ज्या अर्जाचा सारा आधार दिवसांच्या हिशेबावर आहे त्यात पहिलाच आकडा चुकलेला असेल तर पुढच्या कारणांवर न्यायालयाने विश्वास का ठेवावा, हा बाईंचा प्रश्न मला पटला.

नादारीमुळे मुदत थांबते असा आमचा आणखी एक समज होता आणि तोही त्यांनी दूर केला. मुदत कायद्यातील अपात्रतेच्या तरतुदीत अज्ञान मुले आणि मानसिक विकलता असलेली माणसे येतात, नादार येत नाहीत. एकदा मुदत सुरू झाली की नंतर आलेल्या अडचणीने ती थांबत नाही. रिसीव्हरला मात्र दाव्यासाठी सवलत आहे. नादारीचे प्रकरण सुरू झाल्यापासून त्याच्या नेमणुकीनंतरच्या तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या मुदतीतून वगळला जातो.

याच ओघात आमच्या काकांची एक समजूतही येथे सांगितली पाहिजे, कारण गोव्यात ती अनेकांची असते. ते म्हणत की आपल्याकडे पोर्तुगीज कायदा आहे, तीस वर्षांपर्यंत काही बुडत नाही. ते अगदीच निराधार बोलत नव्हते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत कर्जाच्या बंधनातून सुटण्यासाठी सद्भावना असल्यास वीस आणि एरवी तीस वर्षांचा काळ सांगितलेला होता आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या तरतुदींना स्थानिक कायदा म्हणून मान्यता दिली होती. परंतु 2001 मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि देशभर लागू असलेला 1963 चा मुदत कायदाच गोव्यातही लागू होतो असे ठरवले. काकांना हे समजावून सांगण्यासाठी बाईंनी अर्धा तास दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

उशीर माफ करण्याचा अधिकार मुदत कायद्याच्या 5 व्या कलमात आहे आणि 1920 च्या कायद्याचे 78 वे कलम तो नादारीच्या अपिलांना व अर्जांना जोडते. हे कलम नव्या दाव्याला लागू होत नाही, त्यामुळे ज्याची दावा दाखल करण्याचीच मुदत गेली आहे त्याने या आशेवर राहू नये. न्यायालयाला “पुरेसे कारण” पटवून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या खटल्यात सांगितले की प्रत्येक दिवसाच्या उशिराचे स्पष्टीकरण हवे, या म्हणण्याचा अर्थ हेकेखोरपणे लावू नये. 1998 मध्ये तर 883 दिवसांचा उशीरही माफ झाला, कारण महत्त्व दिवसांच्या संख्येला नसून कारणाच्या खरेपणाला आहे असे न्यायालयाचे मत पडले. दुसऱ्या बाजूने 2024 च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने 5,659 दिवसांचा उशीर माफ करण्यास नकार दिला. बाईंनी आमच्या सोयीचे आणि गैरसोयीचे असे दोन्ही निकाल वाचून दाखवले. आधीच्या ठिकाणी आम्हाला फक्त निष्कर्ष ऐकवला जात असे, त्यामागचे कारण कोणी सांगत नसे.

229 दिवसांचे त्यांनी तीन भाग केले. पहिले 58 दिवस, 20 फेब्रुवारी 2024 पर्यंत, दादा कुबड्यांवर होते आणि रोज व्यायामोपचाराला जात होते. त्याचे कागद होते. शेवटचे 37 दिवस कार्यालयातल्या तयारीचे होते. मधले 134 दिवस अवघड होते. त्या काळात दादा चालू-फिरू लागले होते आणि केवळ अपील करताच येत नाही या समजुतीमुळे घरी बसून होते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवले की एखाद्या डॉक्टरांकडून जून अखेरपर्यंतच्या आजारपणाचा दाखला घ्यावा म्हणजे प्रश्न मिटेल. बाईंनी ते ऐकताच पेन खाली ठेवला आणि सांगितले की असा दाखला जोडायचा असेल तर कागद घेऊन जावेत, त्या वकीलपत्र परत करतील. मग त्यांनी दादांचा फोन मागितला, जुने संदेश तारखेनुसार पाहिले आणि नोव्हेंबर 2023 मधला एक संदेश सापडला, ज्यात आधीच्या वकिलांनी स्पष्ट लिहिले होते की आता अपील करता येणार नाही. तो संदेश प्रतिज्ञापत्राला जोडला गेला. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफीक यांच्या खटल्यात म्हटले होते. पण त्या आधारावर प्रत्येक वेळी सुटका होत नाही आणि नुसता वकिलावर ठपका ठेवून भागत नाही, हे बाईंनी आधीच बजावले होते. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होते. ते दादांना ओळीओळीने मराठीत समजावून सांगितल्यावरच सही घेण्यात आली आणि एका ठिकाणी दादांनी “हे असे नव्हते” म्हटल्यावर पूर्ण पान पुन्हा टंकलिखित करण्यात आले.

अपिलाबरोबरच उशीर माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, ते नंतर देता येईल असे धरून चालू नये. पर्वरीच्या उच्च न्यायालयात या अर्जावर तीन तारखा झाल्या. वित्तकंपनीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे मधल्या 134 दिवसांवरच भर दिला. फेब्रुवारी 2025 मध्ये 5,000 रुपये खर्च भरण्याच्या अटीवर उशीर माफ झाला आणि अपील ऐकण्यासाठी दाखल करून घेण्यात आले. ते अजून प्रलंबित आहे.

येथे एक दुःखाची गोष्ट आहे. अपील दाखल केले म्हणून रिसीव्हरचे काम आपोआप थांबत नाही, आणि उशीर माफ होण्याआधी स्थगिती मिळणे फार अवघड असते. त्या मधल्या काळात, नोव्हेंबर 2024 मध्ये, दादांच्या जुन्या टिपरचा लिलाव झाला. अपील वेळेत झाले असते तर स्थगितीचा अर्ज निदान ऐकला गेला असता. मुदतीतल्या अपिलाची आणि माफीने मिळालेल्या अपिलाची किंमत सारखी नसते, हे त्या दिवशी अंगणातली रिकामी जागा पाहताना आम्हाला कळले. म्हणूनच कार्यालयाच्या 37 दिवसांबद्दल माझी तक्रार आहे. त्यातले साधारण दोन आठवडे कागद जमवण्यात आमच्याकडून गेले हे मान्य आहे, पण उरलेले तीन आठवडे मसुदा तयार होऊन बाईंच्या टेबलावर वाचनासाठी पडून होता. दिवसांचे महत्त्व इतके चांगले समजावणाऱ्या कार्यालयाकडून हे व्हायला नको होते. मी ते बाईंना सांगितले, त्यांनी ते मान्य केले आणि ते दिवस प्रतिज्ञापत्रात आपल्या कार्यालयाच्या नावावर घेतले.

तिसरा ढीग भाड्याचा होता. एका कंत्राटदाराकडून 6,40,000 रुपये येणे होते आणि दादांनी 2021 मध्येच डिचोलीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. वादी नादार झाला म्हणून असा दावा आपोआप संपत नाही. रिसीव्हरने तो पुढे चालवण्यास नकार दिला किंवा न्यायालयाने मागितलेले खर्चाचे तारण दिले नाही, तरच तो जातो. आमच्या रिसीव्हरनी खर्चासाठी निधी नसल्याचे पत्राने कळवले होते आणि ते पत्र आम्ही निमूटपणे फायलीत लावून ठेवले होते. रिसीव्हरच्या निर्णयाने बाधित झालेल्या नादाराला न्यायालयाकडे तक्रार करता येते, ती मुदत फक्त 21 दिवसांची असते, आणि आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा तीही उलटली होती. 78 व्या कलमाचा आधार घेऊन बाईंनी उशीर माफीसह तक्रार दाखल केली. धनकोंचे सारे देणे व्याजासह भागल्यावर उरणारी रक्कम नादाराचीच असते, त्यामुळे भाडे वसूल होण्यात दादांचेही हित आहे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. कुटुंबाने खर्चापोटी 15,000 रुपये जमा केल्यास रिसीव्हरनी दावा चालवावा असा आदेश झाला. मी ते जमा केले. आता तो दावा रिसीव्हरच्या नावाने चालू आहे आणि दादा त्यात साक्षीदार आहेत. आपल्याच घामाच्या पैशाच्या दाव्यात साक्षीदार म्हणून उभे राहणे त्यांना जड गेले, पण दावा जिवंत आहे.

वहिनींच्या बाबतीत या कार्यालयाने जो प्रामाणिकपणा दाखवला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि त्यात दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा असतो. दादांच्या नादारीत राहत्या घराचा वहिनींचा अर्धा हिस्सा ओढला जाऊ नये यासाठी त्यांच्या नावाने स्वतंत्र अर्ज करणे आवश्यक होते. तो अर्ज करून त्याची फी घेणे कार्यालयाला सहज शक्य होते. त्याऐवजी बाईंनी सांगितले की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो, आणि 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. वहिनींनी तसेच केले. ज्यांच्याकडे न्यायालयीन शुल्क भरण्याइतकेही साधन नाही त्यांना निर्धन म्हणून दावा आणि अपील करण्याची वेगळी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, हेही त्यांनी आम्हाला न विचारता सांगितले.

अपील आणि उशीर माफीच्या अर्जासाठी 25,000 रुपये तीन हप्त्यांत घेतले गेले आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली. टंकलेखनाचा, छायाप्रतींचा आणि शुल्काचा खर्च वेगळा लिहून दिला होता. मूळ कागद ठेवून न घेता प्रती काढून लगेच परत केले जात होते. उणिवा मात्र लपवण्यासारख्या नाहीत. दुपारी चारनंतर फोन क्वचितच उचलला जातो. तारखेला काय झाले ते त्याच दिवशी कळवण्याची पद्धत नाही, कारकुनाला दोन-तीनदा विचारावे लागते. प्रतिज्ञापत्राचा मराठी सारांश लेखी मिळावा अशी माझी विनंती अजून पूर्ण झालेली नाही, आणि ज्या माणसाच्या नावाने शपथ घेतली जाते त्याच्या हाती त्याच्या भाषेतला कागद असायला हवा, यावर मी ठाम आहे. इमारतीला लिफ्ट नाही. पाय मोडलेल्या माणसाला दोन जिने चढणे शक्य नव्हते, तेव्हा बाई स्वतः फाईल घेऊन खाली आल्या आणि आमच्या गाडीत बसून त्यांनी पाऊण तास दादांशी बोलणे केले. पण प्रत्येक पक्षकारासाठी त्यांना असे खाली येता येईल असे नाही, त्यामुळे ज्येष्ठांनी आणि अपंगांनी आधी फोन करून ठरवून जावे.

कंपनीच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे अडचणीत आलेल्यांनी आमच्या 229 दिवसांकडे पाहून निश्चिंत राहू नये. त्यांचे प्रकरण 2016 च्या संहितेखाली जाते. तेथे अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे आणि पुरेसे कारण असले तरी फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे उशीर माफ करण्याचा अधिकारच अपिलीय न्यायाधिकरणाला नाही. बाईंनी आमच्यासमोरच अशा एका गृहस्थांना दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायला पाठवले होते.

अपघाताच्या दाव्यात पुढच्या तारखेला दादांची उलटतपासणी आहे. तिच्या तयारीसाठी कार्यालयाने गोमेकॉचे डिस्चार्ज कार्ड, व्यायामोपचाराच्या सर्व पावत्या आणि स्कूटरचे फोटो तारखेनुसार लावून आणायला सांगितले आहे, आणि या वेळी तो हिशेब दादा स्वतः वहीत लिहीत आहेत.